ऑप्शनला टाकलेले मार्क

आमच्या शाळेत पोरी धडे ऑप्शनला टाकायच्या. पेपरात 'पुढीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा' असं असायचं. सातातले दोन सोडले तरी चालतात ना, मग एखादा अवघड धडा वाचायचाच नाही, याला म्हणायचं ऑप्शनला टाकणं. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवला. यंदा खारे वारे आणि मतलई वारे कोणकोण ऑप्शनला टाकणार, हे मी जून महिन्यातच डोळे मिटून सांगितलं असतं. हुशार मुली असलं काही करत नाहीत. त्या सातही प्रश्न सोडवतात आणि वर समासात लिहितात, 'कोणतेही पाच तपासा'.

तर अशी मी. आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या घरात, माझी सतरा वर्षांची मुलगी एका कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "आई, धिस कॉलेज डझन्ट नीड माय स्कोअर्स. इट्स ऑप्शनल." मी कणीक मळत होते. ऑप्शनल हा शब्द ऐकला आणि माझ्या कपाळाची शीरच उठली.

इथे कॉलेजात जायचं म्हणजे एसएटी नावाची परीक्षा द्यावी लागते. शनिवारी सकाळी तीन तास बसायचं, पेन्सिलीनं गोल काळे करायचे. एक आकडा इंग्रजीचा मिळतो, एक गणिताचा. आमच्या मुलीचा इंग्रजीचा आकडा छान होता. गणिताचा मी इथेही लिहिणार नाही. बाप इंजिनियर, आणि आई भूगोलाबरोबर आठवीचं गणितही घ्यायची, एवढंच सांगते. ती दोनदा बसली परीक्षेला. दुसऱ्या वेळी दहा मार्क आणखी कमी पडले.

ते कॉलेज होतं पार पूर्वेला, न्यू इंग्लंडात. विमानानं जायचं आणि वर बसनं दोन तास. लहानसं कॉलेज, झाडीत लपलेलं. पत्रकात लिहिलं होतं की ज्यांना मार्क पाठवायचे त्यांनी पाठवावेत, ज्यांना नाही त्यांनी पाठवू नयेत, आणि न पाठवणाऱ्यांबद्दल आम्ही काही वाईट ग्रह करून घेणार नाही. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, असं कुठं असतं का? मूठ झाकून बसलेल्या माणसाबद्दल कोण चांगला ग्रह करून घेतं?

"म्हणजे येत नाही ते दाखवायचंच नाही," मी म्हटलं. "बरी सोय आहे."

"इट्स नॉट अ ट्रिक, आई. इट्स देअर पॉलिसी."

"पॉलिसी गेली चुलीत. मग बघणार काय ते? तुझं नाक?"

ते बघणार होते तिचे शाळेतले चार वर्षांचे ग्रेड, तिनं स्वतःबद्दल लिहिलेला एक निबंध, आणि दोन शिक्षकांची पत्रं. ही मुलगी किती गुणी आहे, हे शिक्षकांनी बंद पाकिटात लिहून पाठवायचं. आता याला आमच्याकडे काय म्हणतात? चिठ्ठी. सरळ मराठीत, वशिल्याची चिठ्ठी.

मला राग का आला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच तापट आहे. तापट आहेच मी, पण उगाच नाही. माझे वडील कोर्टात बेलिफ होते. मॅट्रिकनंतर ते मला घेऊन पुण्याला कॉलेजात गेले, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "कोणाकडून आलात?" वडिलांनी टोपी सारखी केली. आम्ही कोणाकडूनच आलो नव्हतो. मी हात पुढे करून मार्कलिस्ट खिडकीत सरकवली. त्यानं ती बघितली, मग मान वर करून मला बघितलं आणि फॉर्म दिला. त्या कागदानं मला कोणाची कोण हे विचारलं नाही. पुढे नोकरी, लग्न, अमेरिका, सगळं त्या एका कागदामागून आलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मार्कांचं असतं, यावर माझी श्रद्धा होती. आणि ही मुलगी म्हणत होती, काकण नको, आरसा बघा.

हे सगळं मी तिला सांगितलं. आधीही पन्नासदा सांगितलं असेन. ती शांतपणे ऐकून घेते आणि मग अशी एक ओळ बोलते की पुढे बोलायला जागाच राहत नाही. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "आई, समोरच्या डॉक्टरकाकांची मुलगी या टेस्टसाठी वर्षभर क्लासला जाते. मी नाही गेले. मग ती टेस्टसुद्धा विचारतेच ना, कोणाकडून आलात?"

मी म्हटलं, मग तूही जायचं होतंस क्लासला. ती म्हणाली, तूच म्हणालीस की क्लासला ढ मुलं जातात. खरं होतं. मीच म्हटलं होतं. मी कणीक इतकी मळली की त्या दिवशी पोळ्या चिवट झाल्या. यांनी मुकाट्यानं खाल्ल्या. आमचे हे असल्या भांडणात वर्तमानपत्राच्या मागे राहतात.

शेवटी असं ठरलं की आपल्याच राज्यातल्या स्टेट युनिव्हर्सिटीला मार्क जातील, कारण तिथे लागतातच. पूर्वेच्या कॉलेजला जाणार नाहीत. 'ठरलं' म्हणजे तिनं ठरवलं. स्टेटला घरून गाडीनं अडीच तास लागतात, शनिवारी डबा घेऊन गेलं तरी संध्याकाळी परत येता येतं. मला तेच हवं होतं. पण मुलीचा जीव त्या झाडीतल्या कॉलेजात अडकला होता. पत्रक तिनं उशाशी ठेवलं होतं, आणि तिथला फोटो मला तीन वेळा दाखवला होता. तिला दुसरीकडे कुठंच जायचं नव्हतं.

जानेवारीत फॉर्म पाठवायची तारीख जवळ आली. सकाळी शाळेची बस पकडायच्या घाईत तिनं एक मोठं पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, पोस्टात टाकशील? आज गेलंच पाहिजे." पाकिटाचं तोंड नुसतं दुमडलेलं होतं, चिकटवलं नव्हतं. विश्वासानं तसं ठेवलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, चिकटवायचं राहिलं, धांदरट आहे.

मी शिक्षिका. न तपासता कागद पुढे पाठवणं माझ्या रक्तात नाही. मी फॉर्म बाहेर काढला आणि पानापानानं बघितला. अक्षर स्वच्छ होतं, पत्ता बरोबर होता. तिसऱ्या पानावर दोन चौकोनी रकाने, इंग्रजी आणि गणित, दोन्ही कोरे.

कोरा रकाना म्हणजे काय, हे बोर्डाच्या परीक्षेला सुपरव्हिजन केलेल्या माणसाला विचारा. पेपर गोळा करताना प्रत्येक कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारायची, नाहीतर नंतर त्यात कोण काय लिहील याचा नेम नाही, असं आमच्या हेडबाई सांगायच्या. सरकारी फॉर्मात एक रकाना रिकामा राहिला तर आख्खा फॉर्म परत येतो. 'लागू नाही' असं तरी लिहावं लागतं. कोरं दिसलं की आमचा हात शिवशिवतो. ऑप्शनल असेल नाहीतर काही असेल, कचेरीतला कोणी कारकून 'अपुरा' म्हणून बाजूला टाकेल, अशी मला खरीच भीती वाटली. शपथेवर सांगते, ही भीती खोटी नव्हती.

पण नुसती भीतीही नव्हती.

रकाने भरायच्या आधी मी तिचा निबंध वाचला. समोरच्या गल्लीत एक म्हातारी बाई एकटी राहायची, डोळ्यांनी अधू. आमची मुलगी दोन हिवाळे दर मंगळवारी शाळेतून येताना तिच्याकडे जाऊन तिची आलेली पत्रं तिला मोठ्यानं वाचून दाखवत होती. मला पत्ता नाही. मला वाटायचं, बाईसाहेब मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये फिरताहेत, आणि मी मंगळवारी हमखास तिला बोलायची. त्या म्हातारीला दर आठवड्याला एकाच बहिणीचं पत्र यायचं आणि त्यात दर वेळी तिकडची हवाच, ऊन किती, पाऊस किती, लिहिलेली असायची. ती हवा ऐकताना बाईचा चेहरा कसा व्हायचा, ते तिनं लिहिलं होतं. ते पान मी परत पहिल्यापासून वाचलं. आणि लगेच मनात काय आलं असेल? की बाई गं, हे सगळं छान आहे, पण याला मार्क किती?

मी ड्रॉवरमधून तिचा निकालाचा कागद काढला, काळं पेन घेतलं, आणि दोन्ही आकडे माझ्या सुवाच्य अक्षरात रकान्यांत लिहिले. पाकीट चिकटवून पोस्टात टाकलं. परत येताना बर्फात पाय घसरला तरी मला बरं वाटत होतं, एखादं काम नीट पुरं झाल्यावर वाटतं तसं.

दहा-बारा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं, मुलीच्या नावानं. ती शाळेत होती. आमच्या घरात कुणाचंही पत्र मीच फोडायची, त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की अर्ज पोचला, आभार, आणि आपण एसएटीचे मार्क दिले आहेत त्याअर्थी ते विचारात घ्यावेत अशी आपली इच्छा दिसते, तरी अधिकृत निकाल पाठवण्याची व्यवस्था करावी.

आपली इच्छा दिसते. मी खुर्चीत बसले. म्हणजे खरंच ऑप्शनल होतं. कोरं ठेवलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. रकाना कोरा ठेवणं हेच तिचं उत्तर होतं, आणि मी त्यावर दुसरं उत्तर लिहून मोकळी झाले होते. शाळेत एखाद्या सुपरव्हायझरनं मुलीच्या पेपरात स्वतःच्या हातानं असं काही लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी राहिली नसती.

मी कॉलेजला फोन लावला. एक गोड आवाजाची बाई आली. तिला म्हटलं, ते आकडे खोडा, चुकून लिहिलेत. तिनं विचारलं, तुम्ही अर्जदार का? मी म्हटलं, मी आई. ती म्हणाली, माफ करा, आम्ही फक्त अर्जदाराशी बोलू शकतो. मी म्हटलं, बाई, पण लिहिलेत मी. मग ती आणखीच गोड आवाजात म्हणाली, मग अर्जदारानं आम्हाला तसं पत्र लिहावं, मार्क पाठवायचे की नाही हा निर्णय तिचा आहे. मी तिला परत समजावलं, तिनं परत तेच वाक्य म्हटलं. डोकं फिरलं माझं. सतरा वर्षं जिचं नाक पुसलं, तिच्याबद्दल बोलायला मला परवानगी नाही. मी थँक्यू न म्हणता फोन ठेवला.

आता मुलीला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती चार वाजता आली, बूट काढले, आणि मी तिच्या हातात ते फोडलेलं पत्र दिलं. म्हटलं, रकाने मी भरले. मला वाटलं फॉर्म परत येईल. ती भांडेल, दार आपटेल, अशी मी तयारी करून बसले होते. माझी उत्तरंही तयार होती. तिनं तसलं काही केलं नाही. पत्र वाचलं, घडी घातली. मग विचारलं, "तू माझा एसे वाचलास?"

"हो."

"कसा वाटला?"

काय सांगू तुम्हाला. माझ्या घशाशी आलं होतं ते सगळं, ती म्हातारी, ती हवा, ते मंगळवार. आणि माझ्या तोंडून निघालं, "दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम चुकलाय."

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला नुसतं लाल पेन होतं. मुलीनं मान हलवली, "ओके," म्हणाली आणि वर निघून गेली. मार्क विचारात घेऊ नयेत असं पत्र तिनं त्याच संध्याकाळी लिहिलं. ते टाकायला मला दिलं नाही. सकाळी हे शिकागोच्या गाडीला निघाले तेव्हा त्यांच्या हातात दिलं. मी तिथेच उभी होते, चहाचा कप घेऊन.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. आकडे खोडले असतील का? आणि खोडले तरी ज्यानं एकदा बघितले तो विसरेल का? मी तर एखाद्या मुलीचे मार्क दहा वर्षांनीही विसरले नाही. रोज बारा वाजता पोस्टमनची गाडी वळली की मी कोट न घालता पत्रपेटीपाशी जायची. स्टेटचं पत्र आलं, जागा मिळाली. या वेळी मी ते फोडलं नाही, टेबलावर ठेवलं. मुलीनं वाचलं आणि फ्रिजवर लावलं, वाण्याची यादी लावतात तसं. पूर्वेकडून काहीच नाही. एप्रिल उजाडला. मी त्या कॉलेजला मनातल्या मनात शिव्या घालायला लागले. मेल्यांनो, नाही तर नाही म्हणा, पण एक ओळ लिहायला काय झालं? आणि शिव्या घालून संपल्या की कळायचं, शिव्या खायला हवी ती बाई याच स्वयंपाकघरात उभी आहे. यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, गेलं का हो? हे म्हणाले, बघू. मुलगी माझ्याशी नीट बोलायची, जेवायची, भांडीसुद्धा घासायची. तेच सहन होत नव्हतं.

पाडव्यानंतरच्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. मी आंबट क्रीमचं श्रीखंड केलं होतं. वाढायला उभी होते, तर समोरच्या डॉक्टरांची बायको, माझी चांगली मैत्रीण, ताट घेऊन आली आणि म्हणाली, "काय गं, पेढे कधी? इतकी मोठी बातमी, आणि तू गप्प?"

मी म्हटलं, "अगं, स्टेटचं तर मार्चमध्येच कळलं."

"स्टेटचं नाही गं. ते पूर्वेचं. आमची पोरगी सांगत होती, कॉलेजनं खाली हातानं लिहिलंय म्हणे, तुझा निबंध आम्ही एकमेकांना वाचून दाखवला. केवढं कौतुक."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग मी म्हटलं, "हो ना, म्हटलं जरा सावकाश सांगू सगळ्यांना." आणि तिच्या ताटात दुप्पट श्रीखंड वाढलं. पुढे तासभर येईल त्याचं अभिनंदन घेतलं. सगळ्यांना माहीत होतं. कार्यक्रमातल्या नाटुकल्यात शिवाजीचं काम केलेल्या आठ वर्षांच्या मुलालासुद्धा.

गाडीत बसल्यावर मी यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "पत्र माझ्या ऑफिसात आलं. तिनं त्यांना तोच पत्ता कळवला होता."

"कधी आलं?"

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "इलेव्हन डेज."

अकरा दिवस. अकरा दिवस मी त्या पेटीपाशी जात होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "अगं, मी झुरतेय इथे. वाटत होतं माझ्यामुळे तुझं गेलं. एका शब्दानं सांगता आलं नाही?"

ती मग मराठीत म्हणाली, शब्द शोधत, "सांगणार होते. पण थोडे दिवस ते फक्त मीच वाचलेलं पाहिजे होतं."

यावर रागवायला मला जागा सापडली नाही. शोधली, नाही सापडली. घर जवळ आलं तेव्हा मी मागे वळले. म्हटलं, "बरं, झालं ते झालं. आता तरी दाखव. नुसतं बघते."

"नको, आई," ती म्हणाली. पंगतीत वाढप्याला ताटावर हात आडवा धरून नको म्हणतात ना, तशी, अगदी हळू.

ऑगस्टमध्ये ती गेली. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, आता तीही तिच्या मुलांचे फॉर्म भरते आणि मला फोनवर सगळं सांगते. ते पत्र मात्र मी आजपर्यंत वाचलेलं नाही.